पैसेवारी (भंडारा जिल्हा)

पैसेवारी : गावातील पीक नेहमीच्या उत्पन्नाच्या मानाने किती आले, हे रुपयाच्या भागांत सांगण्याची महसूल खात्याची रीत. ठरवून दिलेले प्रमाण उत्पन्न म्हणजे 100 पैसे. प्रत्यक्ष उत्पन्न त्याच्या निम्मे आले तर गावाची पैसेवारी 50. नाण्यांत दशमान पद्धत येण्याआधी, म्हणजे 1957 पूर्वी, हेच गणित सोळा आण्यांत होई. म्हणून तिला आणेवारी म्हणत आणि जुनी माणसे आजही तोच शब्द वापरतात. पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता असे लाभ गावाला मिळू शकतात. त्यामुळे 49 आणि 51 यांत फरक दोन पैशांचा असला, तरी गावाच्या दृष्टीने ते दोन वेगळे निकाल असतात.

भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर हे जिल्ह्याचे सात तालुके. गोंदिया जिल्हा 1999 मध्ये यातून वेगळा झाला. वैनगंगेच्या या खोऱ्यात खरीप म्हणजे मुख्यतः धान, म्हणून इथली पैसेवारी ही जवळजवळ धानाचीच पैसेवारी असते. पिकाचे किंवा जमिनीचे मोल, प्रमाण किंवा दर्जा ठरवणारे आणखीही निवाडे धानाच्या वाट्याला येतात : आकारणी, पंचनामा, विम्याचे उत्पन्न, प्रतवारी. बोलताना या सगळ्यांना सर्रास ‘अंदाज’ किंवा ‘सर्वे’ म्हटले जाते. मात्र प्रत्येकाचा काळ, क्षेत्र आणि हेतू वेगळा असतो, आणि शेतकऱ्याचे नुकसान पुष्कळदा या सरमिसळीत होते.

पैसेवारी तीन टप्प्यांत निघते. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि विदर्भात डिसेंबरअखेर अंतिम. पहिला टप्पा नावाप्रमाणे नजरेचा आहे. त्या वेळी हलक्या धानाला लोंबी आलेली असते, भारी धान अजून पोटरीत असते आणि बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, हिरव्यागार दिसतात. तुडतुड्याचा खरा तडाखा पुढे, दाणा भरताना बसतो. कीड बुंध्याशी राहून रस शोषते, बांधीच्या मध्येच गोल चट्टे पडून धान वाळते आणि लोंब्या पोचट राहतात. कापलेल्या कडपा बांधीत पडल्या असताना अवकाळी पाऊस आला, तर भरलेला दाणाही हातचा जातो. सप्टेंबरच्या नजरेला यातले काहीच दिसणे शक्य नाही. तो आकडा खोटा नसतो, अपुरा असतो. वर्तमानपत्रात मात्र तोच ठळक छापला जातो आणि ‘जिल्ह्यात पीक उत्तम’ अशी समजूत डिसेंबरपर्यंत टिकते. नजरअंदाजाला निकालाचे वजन देणे हा या पद्धतीतला सर्वांत जुना दोष आहे.

अंतिम आकडा कापणी प्रयोगांवर उभा असतो. तलाठी, मंडळ अधिकारी, कृषी सहायक, सरपंच आणि गावातील शेतकरी यांच्या समितीने निवडलेल्या बांधीत चौकोन आखायचा, त्यातले धान कापून मळायचे आणि तोलायचे. ओल्या धानाचे वजन वाळल्यावर उतरते, तीही घट धरायची. हिशेब सोपा आहे. समजा, प्रमाण उत्पन्न हेक्टरी 35 क्विंटल आहे. तलावाच्या पाण्यावरच्या बांधीत एका आरात, म्हणजे 100 चौरस मीटरांत, 28 किलो धान निघाले, तर हेक्टरी 28 क्विंटल, म्हणजे 80 पैसे. त्याच गावच्या उंचावरच्या, निव्वळ पावसावरच्या बांधीत साडेदहा किलो निघाले, तर 30 पैसे. दोन्हींची सरासरी 55. गाव सवलतीतून बाद, आणि 30 पैशांच्या शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही. माजी मालगुजारी (मामा) तलावांच्या आणि कालव्यांच्या या जिल्ह्यात एकाच शिवारात ओलिताच्या आणि कोरडवाहू बांध्या शेजारी शेजारी असतात. म्हणून चौकोन कुठे आखला, हा प्रश्न तराजूइतकाच महत्त्वाचा ठरतो.

चौकोनाची जागा माणसाने पसंतीने नव्हे, तर यदृच्छेने ठरावी, हे तत्त्व हबक या अधिकाऱ्याने 1920 च्या दशकात बिहार-ओरिसातील भातावर वापरले. पुढे ते देशभर रुजवण्यात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे : सातारा जिल्ह्यातील बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते, हे सुखात्म्यांनी दाखवले. लहान तुकड्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड मोठी असते. कडेवरची ताटे कापणाऱ्याच्या हातून सहसा आतच धरली जातात. बंगालमध्ये लहान तुकड्यांचा पुरस्कार करणारे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी त्यांचा या प्रश्नावर मतभेद झाला. वाद शास्त्रीय होता, पण त्याचा भार शेतकऱ्यावर पडतो : फुगलेले उत्पन्न म्हणजे चढलेली पैसेवारी.

या आकड्यावरून राजकारणही पेटले आहे. गुजरातेतील 1918 चा खेडा सत्याग्रह मुळात आणेवारीचा तंटा होता. पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा महसुलाचा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, सरकारी आकडा त्याहून वर होता. गांधीजींनी आणि वल्लभभाई पटेलांनी लढा दिला तो या फरकावर.

आकारणी ही निराळी गोष्ट. ती पिकाची नव्हे, जमिनीची. सातबाऱ्यावर क्षेत्र आणि पोटखराबा यांच्याजवळ जी रुपये-पैशांतली रक्कम असते, ती आकारणी. जमाबंदीच्या वेळी जमिनीचा कस पाहून ती ठरली. कन्हार, मोरंड, सिहार, बरडी ही इथल्या मातीची नावे त्या वेळी पाडलेल्या जमिनीच्या प्रतींमध्ये आली. आकारणी वर्षानुवर्षे तीच राहते, पैसेवारी दर हंगामाला बदलते.

पंचनामा नुकसान मोजतो, उत्पन्न नव्हे. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा बुडालेल्या बांध्यांचा प्रश्न पैसेवारीचा नव्हता. आपत्ती मदतीसाठी शेतातले नुकसान 33 टक्के किंवा अधिक असावे लागते आणि ते शेतकऱ्यागणिक नोंदले जाते. 2016 पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत तिसरेच माप आहे. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून, तिला जोखीमस्तराने गुणून उंबरठा उत्पन्न ठरते आणि त्याची तुलना सामान्यतः महसूल मंडळाच्या उत्पन्नाशी होते. पैसेवारी गावाची, विमा मंडळाचा. म्हणून 45 पैशांच्या गावालाही विम्याची भरपाई न मिळणे नियमात बसते. ‘पैसेवारी कमी आली, आता विमा मिळेल’ हा पारावरचा भरवसा निराधार आहे. दुष्काळ जाहीर करण्याचे निकषही केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पैसेवारीकडून पाऊस, वनस्पती निर्देशांक, मातीतील ओल आणि जलसाठा यांच्याकडे वळले आहेत.

धान खळ्यावर आले की प्रतवारी सुरू होते. इथे किती पिकले याला महत्त्व नाही, कसे पिकले याला आहे. आधारभूत केंद्रावर ओलावा 17 टक्क्यांच्या वर चालत नाही. 2024-25 मध्ये साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये आणि ‘अ’ प्रतीचा 2,320 रुपये होता. पुढे भरडाईत एक क्विंटल धानामागे 67 किलो तांदूळ, हा सरकारी उतारा. घरात मात्र बी-बियाणे आणि खाण्याच्या धानाची भाषा अजून कुडव-खंडीची आहे, 20 कुडवांची एक खंडी. बाकीची सगळी मापे सरकारदरबारची, हे एक घरचे.

पैसेवारी ज्यावर उभी असते तो कापणी प्रयोग शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो. कोणत्या गटात, कोणत्या दिवशी कापणी आहे हे तलाठ्याला किंवा कृषी सहायकाला आधी विचारावे, त्या दिवशी बांधीवर हजर राहावे, चौकोनाची जागा आणि तराजूवरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. हरकत घ्यायची असेल तर ती अंतिम आकडा जाहीर होण्याआधी घ्यावी.