शेहेचाळीस सालचं विमान

अमेरिकेत एखादा निवृत्त शिक्षक किंवा गॅरेजवाला १९४६ सालचं विमान विकत घेतो आणि रविवारी सकाळी ते उडवतो, असं सांगितलं की आपल्याकडे लोकांना ती थट्टा वाटते. आपल्याकडे त्या सालची मोटार बाळगायची तरी माणूस संस्थानिक घराण्यातला लागतो. तिथे मात्र अशी हजारो विमानं अजून उडण्याजोगी आहेत आणि त्यांतली बरीचशी नव्या मोटारीच्या किमतीत मिळतात. इतकी विमानं आली कुठून आणि ती इतकी स्वस्त का, याचं उत्तर एका फसलेल्या स्वप्नात आहे.

विल्यम पायपर हा पेनसिल्व्हेनियातला तेलाच्या धंद्यातला माणूस. ब्रॅडफर्ड गावात टेलर बंधूंच्या विमान कंपनीत त्याने पैसे गुंतवले होते. १९३० साली ती कंपनी बुडाली, तेव्हा उरलंसुरलं सामान त्याने ७६१ डॉलरला घेतलं. मूळ रचनाकार टेलर काही वर्षं त्याच्याबरोबर राहिला, मग दोघांचं फाटलं. १९३७ मध्ये कारखाना जळाला आणि पायपरने लॉक हेवन इथल्या एका बंद रेशीम गिरणीत बिऱ्हाड हलवलं. तिथून बाहेर पडलं ते पिवळं जे-थ्री कब. एकामागे एक दोन बैठका, पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड, ताशी १२० किलोमीटरचा वेग. बॅटरी नाही, स्टार्टर नाही, प्रॉपेलर हाताने फिरवायचा. पेट्रोल किती उरलं हे कळण्यासाठी टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार असते. तिच्या खालच्या टोकाला बूच. पेट्रोल कमी होईल तशी तार खाली जाते. इतकी प्रामाणिक मोजणी मी दुसऱ्या कुठल्याही वाहनात पाहिलेली नाही.

त्या काळच्या बहुतेक छोट्या विमानांसारखं कबचंही तिसरं चाक शेपटीखाली असे. गवताळ मैदानावर हे सोयीचं. प्रॉपेलर जमिनीपासून उंच राहतो आणि वजनही वाचतं. पण विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे पडतो आणि सगळी गोम तिथे आहे. बैलगाडी मागे रेटायला गेलं की ती जशी आडवी होऊ पाहते, तसं हे विमान उतरल्यावर जरा तिरकं झालं की शेपूट पुढे यायला धडपडते. क्षणात गिरकी बसते, पंख जमिनीला टेकतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. पुढे नाकाखाली चाक असलेली विमानं आली आणि ही विद्या मागे पडली. १९९१ पासून तर शेपटीच्या चाकाचं विमान चालवण्यासाठी नव्या वैमानिकाला प्रशिक्षकाची वेगळी सही घ्यावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकी सरकारने नागरिकांना उड्डाण शिकवण्याची योजना काढली. तिच्यातून चार लाखांहून अधिक लोक शिकले आणि त्यांतले बहुसंख्य कबवर शिकले. मग कारखानदारांनी हिशेब मांडला. युद्ध संपलं की इतके लाख वैमानिक घरी येणार, परतलेल्या सैनिकांच्या उड्डाणशिक्षणाचा खर्च सरकार देणार. म्हणजे आता घरोघर विमान! १९४६ या एकाच वर्षात सुमारे ३५ हजार छोटी विमानं बनली. ओहायोतल्या मिडलटाउनची एरोन्का कंपनी तर ऐन भरात दिवसाला पन्नास विमानं काढत होती. तिचं चँपियन, लाडकं नाव चँप, कबचं थेट प्रतिस्पर्धी होतं.

आणि बाजार कोसळला. पुढच्या वर्षी उत्पादन निम्म्याखाली आलं, १९४८ मध्ये सात हजारांवर. कारण साधं होतं. शिकलेल्या माणसाला आता नोकरी होती, संसार होता. दोघांपुरतं, पाऊस आला की जमिनीवर बसणारं आणि उतरल्यावर गावात जायला पुन्हा मोटार मागणारं वाहन त्याला नको होतं. टेलरक्राफ्ट, लस्कोम्ब दिवाळखोरीत गेल्या. एरोन्काने १९५१ मध्ये छोटी विमानं बनवणं थांबवलं. विमानं मात्र उरली, कोठारांत आणि शेतांत. चँपचं भावंड असलेल्या एरोन्का चीफच्या धर्तीवर बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने पुष्पक विमान घडवलं. १९५८ मध्ये ते प्रथम उडालं आणि आपल्या फ्लाइंग क्लबांतल्या वैमानिकांची एक पिढी त्याच्यावर तयार झाली. मिडलटाउनमध्ये बुडालेला धंदा आपल्याकडे असा कामी आला.

आता प्रश्न असा की, ऐंशी वर्षांचं विमान घेणारा नेमकं काय घेतो? मूळचं सुती कापड केव्हाच कुजलेलं असतं, आता त्या जागी डॅक्रॉन असतं. इंजिन अनेकदा उघडलेलं, कित्येकदा बदललेलं. उरतो तो सांगाडा, तळहातापेक्षा लहान अशी क्रमांकाची पट्टी आणि कागद. माझ्या मते कागद सर्वांत महत्त्वाचे.

ओहायोत राहणाऱ्या माझ्या आतेभावाने २०१२ साली एक चँप पसंत केलं. २००४ च्या नियमाने १३२० पौंडांपर्यंतची विमानं वैद्यकीय दाखल्याशिवाय, मोटारीच्या परवान्यावर चालवायची मुभा मिळाली होती. चँप १२२० पौंडांचं. त्यामुळे पन्नाशी-साठीतले पुष्कळ हौशी याच जातीमागे लागले होते. फोनवर तो मला म्हणाला, ‘अरे, तू इतिहासाचा माणूस, कागद तू वाच.’ विक्रेत्याकडे पहिलं लॉगबुक नव्हतं. पण ओक्लाहोमा सिटीत प्रत्येक विमानाची सरकारी फाइल असते आणि तिची प्रत कोणालाही मागवता येते. ती वाचताना मला दफ्तरखान्यात बसल्यासारखं वाटलं. पहिली मालक एक उड्डाणशाळा, मग एक शेतकरी, मग हातोहात. विक्रीपत्रांवर किंमत बहुधा ‘एक डॉलर आणि इतर मोबदला’ अशीच लिहिलेली, तेव्हा खरा भाव कळायची सोय नाही! पण मध्येच दुरुस्तीचा एक फॉर्म निघाला. विमान उलटलं होतं आणि उजवा पंख दुरुस्त केला होता.

चँपच्या पंखात लाकडाचे दोन लांब वासे असतात, त्यांना स्पार म्हणतात. जबर धक्क्याने लाकडाचे तंतू दाबले जातात आणि केसाएवढी आडवी चीर पडते. बाहेरून रंगरंगोटी झकास दिसते, आत वासा मोडायच्या बेतात असतो. म्हणूनच २००० साली सरकारने या स्पारांची नियमित तपासणी सक्तीची केली. पायपरच्या विमानांतही पंखाला टेकू देणारे पोलादी दांडे आतून गंजतात, त्यांच्याबद्दलचा हुकूम १९९३ चा.

विक्रेता म्हणत होता, आजच उडवून घेऊन जा. आतेभावाने त्याचं न ऐकता भाड्याने एक तज्ज्ञ आणला. त्याने पंखाच्या झरोक्यांतून दिवा आणि आरसा घालून अर्धा दिवस पाहणी केली. फॉर्मवर नोंदलेल्या पंखातच, टेकू जोडतात तिथल्या पट्टीच्या कडेला, चीर सापडली.

किंमत उतरली. आतेभावाने पंख सोडवून विमान ट्रेलरवरून घरी नेलं. नवे स्पार, नवं कापड, यात दोन हिवाळे गेले. हरवलेल्या लॉगबुकाच्या जागी त्याने पहिल्या विक्रीपत्राची प्रत लावून ठेवली आहे. शेपटीच्या चाकाची सही त्याला ज्यांनी दिली, ते प्रशिक्षक तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते आणि स्वतः चँपवरच शिकले होते.