किंमतनिश्चिती, लघुउद्योगातील

लहान उद्योगाने आपला माल वा सेवा कोणत्या दराने विकावी, हे ठरवण्याची प्रक्रिया. उत्पादनखर्चावर नफा चढवून, बाजारभाव व गिऱ्हाइकाची ऐपत पाहून दर ठरतो. घरगुती उद्योगात स्वतःची मजुरी बहुधा हिशेबात धरली जात नाही. त्यामुळे विक्री वाढूनही हाती काही उरत नाही. आपल्या श्रमाचे मोल आधी मांडणे अत्यावश्यक आहे.

उदा., एक किलो चकलीला कच्चा माल १८० रु., गॅस व पॅकिंग ४० रु. आणि मजुरी ८० रु. धरल्यास खर्च ३०० रु. होतो. २५ टक्के नफ्याने दर ३७५ रु. येतो. दुकानदाराला विक्रीदरावर २० टक्के कमिशन द्यायचे असल्यास ३७५ ला ०.८ ने भागावे. दर सुमारे ४६९ रु. निघतो. ३७५ वरच २० टक्के चढवून ४५० रु. लावल्यास कमिशनचे ९० रु. जाऊन ३६० रु. मिळतात, म्हणजे नफ्यातले १५ रु. बुडतात.

शिवणकाम, दुरुस्ती यांसारख्या सेवांत तासाचा दर ठरवताना जाण्यायेण्याचा वेळही धरावा लागतो.

किरकोळ विक्रीच्या पाकिटावर २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक असून तिच्याहून जास्त दराने विक्री करता येत नाही.