टॅनिक आम्लाची पंधरा वर्षे : भाजलेल्या जखमेचा एक इतिहास

1940 चा उन्हाळा. इंग्लंडच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजणाऱ्या हरिकेन विमानात इंधनाची एक टाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात असे. तिला गोळी लागली की ज्वाला सरळ त्याच्या अंगावर येत. हातमोजे वा गॉगल काढलेले असतील, तर काही क्षणांत हात आणि पापण्या भाजून निघत.

वाचलेल्या वैमानिकांच्या जखमांवर तेव्हाचे सर्वमान्य औषध लावले जाई : टॅनिक आम्ल. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात जे द्रव्य असते व ज्याने कच्चे कातडे कमावले जाते, त्याच जातीचे हे द्रव्य. जखमेवर त्याचे टणक, काळपट कवच तयार होई.

ईस्ट ग्रिनस्टेडच्या रुग्णालयात आर्चिबाल्ड मॅकिन्डो या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या शल्यविशारदाने त्या कवचाखाली काय घडते ते पाहिले. बोटे आवळून वाकडी होत होती, आत पू साचत होता, पापण्या आखडल्यामुळे डोळे मिटत नव्हते. याउलट, पॅराशूटने समुद्रात उतरलेल्या वैमानिकांच्या जखमा अधिक चांगल्या स्थितीत दिसत. तेव्हा त्याने कवचाला फाटा देऊन रुग्णांना कोमट खारट पाण्याच्या टबात बसवायला सुरुवात केली.

मग टॅनिक आम्ल आले कुठून? 1925 मध्ये डेट्रॉइटच्या एडवर्ड डेव्हिडसनने ते पुढे आणले. भाजलेल्या कातडीत विष तयार होते आणि ते रक्तात भिनून रुग्ण दगावतो, अशी तेव्हाची एक प्रबळ समजूत होती. कवच चढवले की विष आत शिरणार नाही आणि जखमेतून पाणीही झिरपणार नाही, असा हिशेब. तो अडाणी मुळीच नव्हता. वेदना कमी होत आणि जखम कोरडी, नीटनेटकी दिसे. नेमके तेच फसवे ठरले.

जखम किती खोल आहे, याचा विचार त्याहून फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माच्या अध्यायात दग्धाचे चार प्रकार येतात. रंग बदललेले, आग होणारे ते प्लुष्ट. फोड येऊन तीव्र वेदना होतात ते दुर्दग्ध. ताडफळाच्या रंगाचे, फार खोल न गेलेले ते सम्यग्दग्ध. आणि मांस लोंबू लागते, शिरा, स्नायू, सांधे नष्ट होतात, ताप, तहान व मूर्च्छा येते ते अतिदग्ध. निरीक्षण थक्क करणारे आहे. मात्र ‘सगळे आधीच लिहून ठेवले होते’ म्हणणाऱ्यांनी पुढचे श्लोकही वाचावेत : प्लुष्टावर थंड पाणी नको, कारण त्याने रक्त गोठते, तिथे शेक द्यावा, असे संहिता सांगते. आजचा सल्ला याच्या अगदी उलट आहे. अतिदग्धातील लोंबते मांस काढून टाकावे, हा तिचा सल्ला मात्र आधुनिक शस्त्रक्रियेच्या बराच जवळचा आहे.

युरोपात फाब्रिसियस हिल्डानसने 1607 मध्ये भाजण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. 1832 मध्ये पॅरिसच्या द्युपुइत्रँने त्यांच्या सहा केल्या. टिकली ती तिनांचीच सवय. पहिल्या पायरीत कातडी लाल व दुखरी होते, पण फोड येत नाही. दुसरीत फोड येतात आणि ठणका असह्य असतो. तिसरीत कातडीची पूर्ण जाडी जळते. ती पांढरी, तपकिरी वा कोळशासारखी आणि चिवट दिसते. तिथे वेदना कमी असतात, कारण वेदना जाणणारे मज्जातंतूच जळलेले असतात. ‘फार दुखत नाही, म्हणजे थोडक्यात निभावले’ ही समजूत म्हणूनच घातक आहे.

खोली कळली, तरी माणसे का मरतात हे कळले नव्हते. 1921 मध्ये न्यू हेवनच्या रियाल्टो नाट्यगृहाला आग लागली. येल विद्यापीठाच्या फ्रँक अंडरहिलने त्या रुग्णांच्या फोडांतील पाणी तपासले आणि ते रक्तद्रवाशी मिळतेजुळते निघाले. म्हणजे भाजलेल्या पृष्ठभागातून रक्तातलाच द्रव निसटत होता. विषापेक्षा ही गळती मारत होती. विशेष म्हणजे डेव्हिडसनचे टॅनिक आम्ल याच्या चार वर्षांनंतरचे.

28 नोव्हेंबर 1942 च्या रात्री बॉस्टनचा कोकोनट ग्रोव्ह हा नाइटक्लब जळाला आणि 492 माणसे मेली. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात ऑलिव्हर कोपने त्या रात्री टॅनिक आम्ल वापरले नाही. जखमा खरवडून धुतल्याही नाहीत. मऊ मलमाची जाळीदार पट्टी वर ठेवली आणि शिरेतून रक्तद्रव दिला.

आता खोलीइतकाच विस्तार महत्त्वाचा झाला, कारण द्रव किती द्यायचा ते त्यावर ठरते. एडिंबरोच्या अलेक्झांडर वॉलेसने 1951 मध्ये नवाचा नियम रूढ केला : प्रौढाचे डोके 9 टक्के, प्रत्येक हात 9, प्रत्येक पाय 18, धडाची पुढची बाजू 18, मागची 18, जननेंद्रियाचा भाग 1. रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसह सुमारे 1 टक्का.

आजचा प्रथमोपचार या साऱ्या औषधांच्या मानाने अगदीच साधा आहे. नळाच्या वाहत्या, थंड पण बर्फाळ नसलेल्या पाण्याखाली भाग 20 मिनिटे धरायचा. पहिल्या तीन तासांत केव्हाही केले तरी उपयोग होतो. सूज येण्याआधी अंगठ्या, बांगड्या काढायच्या, कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढायचे नाही. फोड फोडायचे नाहीत. तूप, हळद, शाई, टूथपेस्ट, बर्फ यांतले काहीही लावायचे नाही. स्वच्छ कापडाने सैल झाकून बाकीचे अंग उबदार ठेवायचे. चेहरा, हात, पाय, सांधे वा जननेंद्रिय भाजले असेल, वीज किंवा रसायन कारण असेल, धूर छातीत गेला असेल, जखम खोल वा तळव्याहून मोठी असेल किंवा रुग्ण लहान मूल वा वृद्ध असेल, तर थेट रुग्णालय गाठायचे.

मुलांसाठी नवाचा नियम चुकतो. बॉस्टन सिटी रुग्णालयाच्या चार्ल्स लुंड आणि न्यूटन ब्राउडर यांनी 1944 मध्येच वयानुसार तक्ता प्रसिद्ध केला होता : तान्ह्या बाळाचे डोके 19 टक्के, प्रौढाचे 7. त्यावर माणसाच्या दोन आकृत्या असतात, एक पुढून आणि एक पाठीमागून. रुग्ण आला की जळालेला भाग त्या आकृत्यांवर रेघोट्यांनी भरतात आणि मग आकड्यांची बेरीज करतात.