पोकळ पेडल: थांबण्याच्या शास्त्राचा एक इतिहास

ब्रेकचे पेडल पायाखाली घट्ट न लागता पोकळ लागणे हा दोष विजेच्या मोटारीने जन्माला घातलेला नाही. द्रवाच्या दाबावर चालणारा ब्रेक रस्त्यावर आला तेव्हापासून तो त्याच्या सोबत आहे, आणि विजेच्या मोटारीमुळे तो अधिक काळ लपून राहू लागला, एवढाच फरक पडला आहे. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावाच्या परिसरात बंडीपासून विजेच्या मोटारीपर्यंत वाहने बदलत गेली; त्या बदलाकडे थांबण्याच्या बाजूने पाहिले, तर या दोषाचे मूळही सापडते आणि उपायही.

शेजारच्या कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि देशातील अशा बाजारांत तो पहिला मानला जातो. वऱ्हाडात कापूस बाजारात नेण्याचे साधन म्हणजे बैलांची बंडी, आणि तिचा वेग बैलांच्या चालीइतकाच असल्यामुळे तिला थांबवण्याचे कामही मुख्यतः बैलांचेच होते. उतारावर भरलेली बंडी बैलांच्या अंगावर येऊ नये म्हणून चाकाच्या धावेवर लाकूड दाबून धरण्याची युक्ती असे. या साध्या घर्षणातच ब्रेकचे मूळ तत्त्व होते: गतीची ऊर्जा उष्णतेत बदलून हवेत सोडून द्यायची.

मोटारीच्या वेगाला हाताचा किंवा तारेचा ओढा पुरेना, तेव्हा द्रवाचा आधार घेतला गेला. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कलचा नियम वापरून अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चारही चाकांचा द्रवचलित ब्रेक सिद्ध केला आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीत तो प्रवाशांच्या सेवेला आला. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. त्यामुळे नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचे बळ चाकापर्यंत न जाता तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडते आणि पेडल स्पंजासारखे लागते. स्वातंत्र्याच्या आगेमागे जीप आणि फियाट यांसारख्या गाड्या महाराष्ट्राच्या रस्त्यांवर रुळल्या, आणि त्यांच्याबरोबर ‘हवा काढणे’ हे कामही गॅरेजमध्ये रुळले.

विजेने गाडी थांबवणे ही कल्पनाही नवी नाही. गाडी ओढणारी विद्युत मोटार उलट्या अर्थाने चालवली, म्हणजे चाकाने तिला फिरवले, की ती जनित्र होते, गाडीची गती कमी होते आणि वीज परत मिळते. यालाच पुनर्निर्मिती ब्रेक म्हणतात. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची पहिली आगगाडी धावली, आणि पुढे १९३० पर्यंत बोरघाट व थळघाटातही वीज पोहोचली. या घाटांत १:३७ इतका चढ-उतार असल्याने मालगाड्यांसाठी आणलेल्या इंजिनांत, ज्यांना रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत, उतरताना वीज परत तारेत सोडण्याची सोय होती. तरीही घाटात घर्षणाचा ब्रेक काढून टाकण्याचा विचार कोणी केला नाही, कारण वीज परत घेणारा ब्रेक वेग आवरतो, पण गाडी जागच्या जागी धरून ठेवत नाही.

हीच विभागणी आजच्या विजेच्या मोटारीत आहे. रोजचे बहुतेक थांबणे चाके फिरवणारी विद्युत मोटारच पार पाडते, म्हणून ब्रेक पॅड वर्षानुवर्षे टिकतात. पण न वापरल्याने डिस्कवर गंज चढतो, कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या घट्ट बसतात, आणि ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषत राहते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु पाणी मुरल्यावर मानकाने मागितलेली मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ते उकळले की वाफेचे बुडबुडे तेच करतात, जे हवेचे बुडबुडे करतात.

निदान करताना प्रथम दोन तक्रारी वेगळ्या काढाव्या लागतात. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तिला परतीची वीज घेता येत नाही, आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी नेहमीसारखी आवरत नाही. हा पेडलाचा दोष नव्हे. उलट, पायाला मदत करणारा बूस्टर निकामी झाला तर पेडल मऊ नव्हे, कडक होते. उभ्या गाडीत पेडल भराभर दाबल्यावर ते वर येऊन घट्ट होत असेल तर हवेचा संशय घ्यावा. स्थिर दाबाखाली ते हळूहळू खाली बसत असेल तर बाहेर गळती शोधावी, आणि ती नसल्यास मास्टर सिलिंडरच्या आतील रबर झिजले असे समजावे. काही गाड्यांत मात्र पेडलाचा स्पर्शच कृत्रिम यंत्रणेने निर्माण केलेला असतो, त्यामुळे तेथे पायापेक्षा संगणकाच्या नोंदींवर अधिक विसंबावे लागते.

दुरुस्तीची मूळ रीत शंभर वर्षांत बदललेली नाही: एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळची निपल क्षणभर सैल करायची, पेडल सोडण्यापूर्वी ती आवळायची, आणि पारदर्शक नळीतून बुडबुड्यांविना ऑईल येईपर्यंत टाकीतील पातळी टिकवत हेच करत राहायचे. नवे आहे ते इतकेच की अनेक गाड्यांत स्कॅनर लावून ब्रेकची यंत्रणा दुरुस्तीच्या अवस्थेत न्यावी लागते, एबीएसच्या झडपा त्यातूनच उघडाव्या लागतात, आणि नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या विद्युत तारांना हात लावायचा नसतो.

वाशीम जिल्ह्यातून आज समृद्धी महामार्ग जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ताशी ६० च्या तुलनेत या वेगाला गाडीची ऊर्जा चौपट असते, आणि अचानक थांबण्याच्या क्षणी तिचा मोठा भार घर्षणाच्या ब्रेकवरच येतो. म्हणून ब्रेक ऑईल पॅडच्या झिजेवरून नव्हे, तर कालगणनेवरून, सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी, बदलावे लागते.