शीतकामागोमाग बदललेले तेल

फ्रीजच्या कॉम्प्रेसरमधले तेल एका जागी राहत नाही. थोडे तेल थंडावा निर्माण करणाऱ्या शीतकाबरोबर नळ्यांतून फिरते आणि ते परत यावेच लागते, नाहीतर यंत्र कोरडे पडून जाम होते. म्हणूनच शीतकाच्या इतिहासात तेलाचाही इतिहास दडलेला आहे.

राउल पिक्टे यांच्या १८७०च्या दशकातल्या शीतयंत्रांत सल्फर डायऑक्साइड हा शीतकच वंगणाचेही काम करी. बर्फाच्या कारखान्यांतल्या अमोनियाची गोष्ट वेगळी. खनिज तेल त्यात फारसे मिसळत नाही; जड असल्याने तळाशी साचते आणि तिथून काढून घेता येते.

१९३०मध्ये थॉमस मिजली यांनी आर-१२ हा शीतक जगापुढे आणला. तो खनिज तेलात सहज विरघळे, त्यामुळे तेल परत येण्याची चिंता मिटली. पण थंडीत तेलातले मेण वेगळे होऊन व्हॉल्व्हच्या बारीक वाटा बुजवी. उपाय म्हणून मेण अत्यल्प असलेली नॅफ्थेनिक तेले निवडली गेली.

ओझोनला अपाय करणाऱ्या आर-१२सारख्या शीतकांना लगाम घालणाऱ्या १९८७च्या मॉन्ट्रियल कराराने ही घडी मोडली. ओझोनला अपाय न करणारा आर-१३४ए आला, पण खनिज तेलाशी त्याचे जमेना. त्याच्यासाठी पॉलिओल एस्टर तेले आली. ती हवेतली ओल झपाट्याने शोषतात आणि ओलीमुळे त्यांचे आम्ल बनते. डबा उघडला की लगेच वापरायचा, यंत्रातली हवा व्हॅक्यूम पंपाने काढायची, जुने तेल धुऊन टाकायचे: या बदलाचा खरा भार दुरुस्ती करणाऱ्या मेकॅनिकने उचलला, आणि त्याचे श्रेय त्याला क्वचितच मिळाले.

१९९३मध्ये जर्मनीत फोरॉन कंपनीचे हायड्रोकार्बनवर चालणारे फ्रीज बाजारात आले. पुढे घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा हायड्रोकार्बन रुळला आणि त्याच्यासोबत खनिज तेलही परतले.