इन्सुलिनच्या आधीचा उपवास



दशलक्षण पर्व जवळ आलं की आमच्या घरी एकच वाद. ह्यांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत आणि दहाही दिवस एकाशन करायचं असतं. "उपवासाने साखर उतरतेच की!" हे ह्यांचं म्हणणं. ते खोटं नाही, पण त्याचा इतिहास पूर्ण ऐकायला हवा.

१८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाची टंचाई झाली. तेव्हा डॉ. बुशार्दा यांच्या लक्षात आलं, की पोटाला चिमटा बसल्यावर मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी होते.

पुढे न्यूयॉर्कला डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी त्याचीच कडक उपचारपद्धत केली. लघवीतली साखर जाईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचं, मग तोलून थोडं थोडं अन्न द्यायचं. त्याने आयुष्य लांबलं, पण मुलांचे सापळे झाले. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज हिला ११व्या वर्षी मधुमेह झाला. तीन वर्षं तिने हे पथ्य पाळलं. ऑगस्ट १९२२ मध्ये टोरांटोला डॉ. बँटिंग यांच्याकडे नेली, तेव्हा तिचं वजन जेमतेम २० किलो होतं. इन्सुलिन मिळालं आणि ती ७३ वर्षं जगली. जिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नव्हतं, तिला उपवास तारणार नव्हता.

मोठेपणी होणाऱ्या मधुमेहाचं वेगळं आहे. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही महिने अगदी मोजका आहार घेऊन वजन उतरवलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची साखर वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. पण त्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, आणि आहार सुरू करतानाच गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवल्या होत्या.

मेख इथेच आहे. काही गोळ्या घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर फार खाली जाते. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी ह्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, तेव्हा मला हे कळलं.

म्हणून यंदा आधी डॉक्टर, मग नियम. आपल्या बारा तपांत अनशनाच्या पाठोपाठ अवमौदर्य येतं, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी जेवणं. ह्यांनी यंदा तेच घ्यायचं ठरवलंय, सूर्यास्ताआधी, वेळच्या वेळी. साखर घसरली तर लगेच गोड खायची सूटही नियम घेतानाच ठेवली आहे. तेही तपच आहे, कमीपणा नाही.