अरबी समुद्रातील कारंजी : नीआर्कस ते लुबान

१/ इ. स. पू. ३२५. सिकंदर भारतातून परत निघाला होता. तो स्वतः मकरानच्या वाळवंटातून गेला आणि आरमार मात्र नीआर्कस या सेनानीच्या हाती देऊन सिंधूच्या मुखाकडून पर्शियन आखाताकडे धाडण्यात आले. या सागरी प्रवासातील एका पहाटेपासून आजची कथा सुरू होते.

२/ मकरानचा किनारा म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणचा दक्षिण किनारा. तेथे पहाटे खलाशांना समुद्रातून पाण्याचे स्तंभ उसळताना दिसले, जणू वावटळच पाणी वर खेचत होती. वाटाड्यांनी सांगितले की हे प्रचंड जलचर आहेत आणि पोहताना ते असे पाणी उडवतात. ते ऐकताच खलाशांच्या हातातील वल्ही गळून पडली.

३/ नीआर्कसने युद्धाची आज्ञा दिली. नौकांची तोंडे देवमाशांकडे वळली, रणगर्जना झाली, वल्ह्यांचा धडधडाट झाला, तुताऱ्या वाजल्या. देवमासे खोल बुडाले आणि काही वेळाने आरमाराच्या पाठीमागे वर आले. खलाशांनी सेनापतीचा जयजयकार केला. शत्रूने मात्र युद्ध चालू आहे याची दखलही घेतली नव्हती!

४/ हा वृत्तांत नीआर्कसने स्वतः लिहिला होता. पण तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील इतिहासकार एरियन याच्या ‘इंडिका’मुळे तो आपल्यापर्यंत पोहोचला. याच ग्रंथात मकरानच्या मत्स्याहारी लोकांचेही वर्णन आहे. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशांची हाडे ते घराच्या तुळयांसाठी आणि दारांसाठी वापरत.

५/ देवमासा हा मासा नव्हे. तो आपल्यासारखाच फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी. डोक्यावरील नाकपुडीतून तो वेगाने श्वास सोडतो, त्यातील बाष्पाचे बारीक थेंब बनतात, भोवतालचे पाणीही उडते आणि दुरून कारंजे दिसते. नीआर्कसच्या आरमाराने ज्याच्यावर चाल केली, तो एक उच्छ्वास होता.

६/ हेच दृश्य आपल्या परंपरेत निराळ्या नजरेने टिपलेले आढळते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात राम पुष्पक विमानातून सीतेला समुद्र दाखवतो. तेथे ‘तिमी’ येतात. ते तोंड उघडून नदीमुखातील पाणी जीवजंतूंसह आत घेतात, तोंड मिटतात आणि डोक्यावरील छिद्रांतून पाण्याचे झोत वर सोडतात. येथे भय नाही, आहे ते कुतूहल.

७/ ग्रीक खलाशी असोत वा संस्कृत कवी, दोघांनाही दिसले ते पृष्ठभागावरचे काही क्षण. हे प्राणी कोठून येतात, कोठे जातात, कोठे विणतात, याची माहिती विसाव्या शतकात मिळाली. आणि ती मिळाली एका गुन्ह्यातून.

८/ १९६० च्या दशकात ‘स्लावा’ आणि ‘सोव्हिएत्स्काया उक्राइना’ हे सोव्हिएत शिकारी ताफे अंटार्क्टिकाकडे जाता-येता अरबी समुद्र ओलांडत. १९६५-६६ मध्ये त्यांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत हंपबॅक जातीचे २४२ देवमासे मारले. त्यांतील २३८ एकट्या नोव्हेंबर १९६६ मधले.

९/ ही शिकार बेकायदा होती. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत ताफ्यांना ठरवून दिलेले लक्ष्य गाठावे लागे. लक्ष्य ओलांडणाऱ्यांना बक्षिसी मिळे. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाला मात्र खोटे आकडे कळवले जात. खरे आकडे जहाजांवरील जीवशास्त्रज्ञांच्या नोंदींत होते आणि त्या नोंदी गोपनीय होत्या.

१०/ १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि या नोंदी हळूहळू उजेडात आल्या. अरबी समुद्रातील हंपबॅकविषयीची माहिती युरी मिखालेव या शास्त्रज्ञाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. ती वाचून जगभरचे अभ्यासक चकित झाले.

११/ कारण असे. हंपबॅक सहसा ध्रुवाकडील थंड पाण्यात खातात आणि विणीसाठी उष्ण कटिबंधात येतात. पण येथे मारलेल्या अनेक देवमाशांच्या पोटात ताजे अन्न होते. माद्यांच्या गर्भांची वाढही दक्षिण गोलार्धातील विणीच्या ऋतूशी जुळत नव्हती. निष्कर्ष एकच : हे पाहुणे नव्हते, येथलेच रहिवासी होते.

१२/ त्यांना येथे थांबवून ठेवतो तो मोसमी वारा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्यावर खोलातील थंड, पोषक पाणी वर येते. त्यावर प्लवक वाढते, प्लवकावर मासे. उष्ण समुद्रातच ताट वाढलेले असताना ध्रुवाकडे जायचे कशाला? आपल्या शेतीला पाऊस देणारा वाराच या देवमाशांचाही पोशिंदा आहे.

१३/ २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार हा समूह सुमारे ७०,००० वर्षे इतर हंपबॅकपासून वेगळा राहिला आहे. आज ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या शंभराहून कमी असावी, असा अंदाज आहे. एका महिन्यात मारलेल्या २३८ शी ही संख्या ताडून पाहा.

१४/ १९७९ मध्ये हिंदी महासागर देवमाशांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. व्यापारी शिकार थांबली. पण मासेमारीची जाळी आणि मोठ्या जहाजांच्या धडका हे धोके कायम आहेत. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रह-यंत्र लावलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली आणि परत गेली. लुबान म्हणजे आपला लोबान; शब्द अरबीतून आलेला.

१५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नीआर्कसचा मूळ ग्रंथ हरवला, तरी एरियनमुळे ती पहाट उरली. सोव्हिएत ताफ्यांचे अधिकृत आकडे खोटे होते, तरी काही शास्त्रज्ञांनी खऱ्या नोंदी जपल्या. त्या नष्ट झाल्या असत्या, तर हा समुद्र असा रिता का, हे आपल्याला कधीच कळले नसते. तो नेहमीच असा होता, असे आपण समजून चाललो असतो.

१६/ कोकणच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे पाहताना दिसतो तो हाच समुद्र. त्यात कधी दूरवर एखादे कारंजे उसळलेच, तर तो श्वास सत्तर हजार वर्षे येथेच राहिलेल्या कुळातील एखाद्याचाही असू शकेल.